आठवड्याचे सगळे वार

आण्याच्या पठारावर आमचं घर होतं आणि घरामागं कोरडवाहू रान. त्या रानात बाजरी, हुलगे, मठ यापलीकडं काही आलेलं मला आठवत नाही. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा, तो गावच्या विहिरीत पाणी सोडायचा आणि ते पाणी तळाला जायच्या आत बाया पोहरे टाकून उपसायच्या. गढूळ आलं तरी हंडा भरायचा, फडक्यातून गाळायचं आणि निवळायची वाट बघायची. माझे वडील, त्यांना मी नाना म्हणायचे, ते दुसऱ्यांच्या विहिरी खोदायला जायचे. पठाराखालच्या गावांत बागायत वाढत होती, ज्याला त्याला विहीर हवी होती. सुरुंग उडवायचा, खाली उतरून फुटलेला दगड बादलीत भरायचा आणि यारी नावाचं यंत्र ती बादली तारेनं वर ओढायचं. दिवसभर बोगद्यातल्यासारखं काम करून नाना घरी आले की त्यांच्या भुवयांत, कानांत दगडाचा भुगा असायचा. आमच्या घरात माणसं तीनच. माझ्या पाठची भावंडं जगली नाहीत. त्यामुळं भाकरी थोड्या लागायच्या असं कुणाला वाटेल, पण त्याही मोजक्याच असायच्या. आई परातीवर भाकरी थापायची, तो आवाज ऐकून मी ओळखायची की आज पीठ किती आहे. पीठ कमी असलं की ती हलक्या हातानं, भराभर थापायची.

आमच्यात भुकेबद्दल बोलायची पद्धत नव्हती. पाहुणा आला तर "आत्ताच जेवलो" म्हणायचा आणि घरातल्यानं आग्रह करायचा. आग्रह झाल्याशिवाय हात पुढं करायचा नाही. मुलीच्या जातीनं तर तोंड हलताना दिसू नये. आई नेहमी पाठमोरी बसून जेवायची. ती काय खाते, किती खाते, हे मला मोठी होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

नानांना मात्र माझं खाणं बघायला आवडायचं. हुलग्याचे शेंगोळे केले की ते आपल्या ताटलीतले माझ्याकडं सरकवायचे आणि म्हणायचे, "खा अलके. खाणाऱ्याचं डोकं चालतं." दहावीला मी केंद्रात पहिली आले तेव्हा त्यांनी यारीवरच्या सगळ्या गड्यांना पेढे दिले. बारावीनंतर मला कॉलेजात घालायचं ठरलं. गावातल्या कुणी मुलीला एवढं शिकवलं नव्हतं. नानांची बहीण कळंबला दिलेली होती, तिच्याकडं राहायचं आणि तिथून एसटीनं मंचरला कॉलेजला जायचं. आत्याचं घर बागायती. घोड नदीचं पाणी, बटाटा, कांदा, ऊस. दारात म्हशी. आत्याचे मालक, म्हणजे माझे मामा, बोलायला मोकळे होते. मी गेले त्या दिवशी म्हणाले, "पठारावरनं आलीया, हिला आधी दुधात बुडवून काढा." पहिलं वर्ष बरं गेलं. मी खायची, अभ्यास करायची, म्हशीचं शेण काढायची आणि पुन्हा खायची.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला. मामांनी मला एवढंच सांगितलं की नानांना लागलंय, आण्याला चल. आळेफाट्यावर एसटी बदलताना मामांनी मला चहा घेतेस का विचारलं आणि स्वतःच रडायला लागले. तेव्हा मला कळलं. यारीची तार तुटली होती आणि भरलेली बादली खाली आली होती. नाना खाली होते. त्या विहिरीला पुढं पाणी लागलं की नाही, आम्ही कधी विचारलं नाही.

आमच्याकडं मयताच्या घरात चूल पेटत नाही. माती देऊन, आंघोळी करून माणसं परत आली की भावकीतल्या बाया आपापल्या घरून पिठलं-भाकरी करून आणतात. त्याला कडू घास म्हणतात. घरच्यांनी नको म्हणायचं, बायांनी हाताला धरून भरवायचं, मग कसाबसा एक तुकडा गिळायचा आणि पाणी प्यायचं. म्हणूनच तो घास कडू. मला हे सगळं माहीत होतं, लहानपणापासून बघितलं होतं. पण त्या दिवशी माझ्या हातात भाकरी आली आणि पोटात काहीतरी उघडलं. दुसरा शब्द मला आजही सापडलेला नाही. मला भूक लागली, कधी लागली नव्हती अशी. मी भाकरी खाल्ली, पिठलं खाल्लं, आणि सरूकाकीच्या टोपल्यातली दुसरी भाकरी स्वतःच्या हातानं उचलली. मी रडतही होते. तोंडात घास, डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय, पण हात थांबत नव्हता. थांबवला तर काय होईल याची मला भीती वाटत होती.

घर बायांनी भरलेलं होतं. आवाज हळूहळू कमी झाला. सरूकाकी, माझी सख्खी चुलती, शेजारणीला म्हणाली, अगदी हळू नाही, "खाऊ द्या. कालिजातल्या पोरी हायेत ह्या. बाप मातीआड झाला तरी भाकर गोडच लागती."

कुणी हसलं नाही, कुणी तिला गप्पही केलं नाही. आई कोपऱ्यात बसली होती, पांढऱ्या कपाळानं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि बघतच राहिली. काही बोलली नाही. मी हातातली भाकरी खाली ठेवली. दहावं होईपर्यंत ते वाक्य गावभर फिरून आमच्या दारात परत आलं. पाणी भरायला गेले तर एक म्हातारी म्हणाली, "तूच का ती, जेवली व्हतीस ती?"

कळंबला परत आले ते मनाशी एक ठरवून, की यापुढं मला खाताना कुणी बघायचं नाही. पण आत्याच्या घरात हे जमणार कसं? ती ताट वाढून समोर बसणारी बाई. सुटका सापडली ती सोमवारी. आत्याला सोमवार होता. मी म्हणाले, "मलाही सोमवार धरायचाय." आत्याचे डोळे भरून आले. बापासाठी पोरीनं सोमवार धरला, म्हणून तिनं मला जवळ घेतलं. मग मी गुरुवार धरला. मग शनिवार. मग चतुर्थी आणि एकादशी. साबुदाण्याची खिचडी समोर आली की म्हणायची, "मी निरंकार करते." म्हणजे पाण्याशिवाय काही नाही. उरलेल्या वारी सकाळी सांगायची की कॉलेजात जेवेन, आणि संध्याकाळी सांगायची की कॉलेजात जेवले.

घरात एक माणूस जेवायचं थांबलं तर कुणाच्या तरी लक्षात येतं. पण उपवास म्हटला की आमच्या लोकांची नजरच बदलते. आळीतल्या बाया मला बघायला यायच्या. आत्या सांगायची, "आमची अलका लई देवाची. कडक धरती." एकीनं आपल्या आजारी नातवाच्या डोक्यावर माझा हात ठेवायला लावला. माझ्या गालाची हाडं वर आली तर म्हणायच्या, तेज आलंय. केस गळायला लागले, ते मी विंचरून मोरीत टाकायची. हाताला मुंग्या यायच्या, पाळी चुकायला लागली, ते कुणाला सांगायचं नव्हतं. आण्याला सुट्टीत गेले तर सरूकाकी स्वतः घरी आली आणि म्हणाली, "बापामागं पोरगी साध्वी झाली." जिनं मला खादाड म्हटलं तिच्या तोंडून हे ऐकताना मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. त्या आनंदावर मी आणखी काही महिने काढले.

कॉलेजात कुंदा नावाची मैत्रीण होती, पिंपरी पेंढारची. मंचरला खोली घेऊन राहायची. आत्यानं दिलेला डबा तीच खायची. "तुझ्या उपासानं मी पोसत्येय बघ," म्हणायची. तिचं माझ्या उलट होतं. घरची आठवण आली की भेळ, पेपर जवळ आला की बिस्किटांचा पुडा, वर्गातला एक मुलगा हिच्याकडं न बघता गेला की वडापाव. रडत रडत खायची आणि मग वजनावरून रडायची. एकदा तिनं विचारलं, "तुला भूक कशी लागत न्हाई गं?" मी म्हणाले, "सवय झाली." खरं म्हणजे मला भूक सोडून दुसरं काही सुचतच नव्हतं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात उत्पादनाचे घटक वाचताना मला ओळीओळीत भाकरी दिसायची. मधूनच बांध फुटायचा. मामांच्या भुईमुगाच्या रानात मी एकटी जायची, वेल उपटायची आणि शेंगा मातीसकट दातांनी फोडून खायची. पोट दुखेपर्यंत, वाकून बसेपर्यंत. मग हात धुवायचे, साडीची माती झटकायची आणि दुसऱ्या दिवसाचा उपवास आणखी कडक करायचा. कुंदा आणि मी, दोघी एकाच दुखण्याच्या दोन बाजू होतो, हे आज कळतं. आता मी शिक्षिका आहे, नववी-दहावीच्या मुली समोर बसतात. डबा न उघडणारी मुलगी आणि दोन डबे खाणारी मुलगी मला वर्गात शिरताच दिसते. आता याला नावं आहेत, डॉक्टर आहेत. तेव्हा आमच्याकडं फक्त वार होते.

माझा अभ्यास ढासळला. वाचलेलं टिकेना. दुसऱ्या वर्षाला कशीबशी वर सरकले. तिसऱ्या वर्षी वर्गातल्या बाकावर डोकं ठेवलं की थेट तास संपल्यावरच उठायची. एका सरांनी विचारलं, "तुला शिकायचंय की नाही?" शिकायचं होतं. तेवढंच करायचं होतं. नानांनी मला त्यासाठीच कळंबला ठेवलं होतं.

अशात स्थळ आलं. घोड नदीकाठचंच घर, द्राक्षबाग, ट्रॅक्टर, दारात जीप. त्यांनी मुलगी बघितलेली नव्हती, उपवासांची कीर्ती ऐकलेली होती. आत्या हरखली. परीक्षेचं काय, असं मी विचारलं तर म्हणाली, "लग्नानंतर दे की. न्हाई दिलीस तर काय बापाचं कर्ज बुडतंय?" मला विरोध करायचीही ताकद नव्हती. जिना चढताना धाप लागत होती, तिथं भांडणार कुठून?

आईला आण्याहून बोलावून घेतलं. नाना गेल्यापासून आई फारशी बोलत नव्हती. हो, नाही, बरं, यात तिचा दिवस निघायचा. पाहुण्यांना जेवायलाच बोलावलं होतं, म्हणून सकाळपासून ती मासवड्या करत बसली. तीळ, खोबरं, लसूण, कांदा भाजल्याचा वास ओट्यावर, ओसरीवर, मी नेसत असलेल्या साडीत. बेसन शिजवून ओल्या कापडावर थापायचं, आत सारण भरायचं, कापडासकट वळायचं आणि सुरीनं वड्या पाडायच्या. आईच्या हातची मासवडी कधी फुटली नाही. त्या दिवशीही नाही.

मुलगा, त्याची आई आणि त्याचा चुलता आले. मुलगा गरीब स्वभावाचा होता, मान खाली घालून बसला. बोलणं सगळं त्याच्या आईचं. मी रस्सा वाढायला गेले तर तिनं माझं मनगट धरून बघितलं. "बारीक हाय. पण उपासाचं अंग असंच असतंय." मग आत्याकडं वळून म्हणाली, "आमची थोरली सून सकाळी चार भाकरी हाणती बाई. ही बरी. खाणारं तोंड न्हाई आन राबायला दोन हात." मामा हसले, "म्हंजी ट्रॅक्टरला डिझेल लागणार, हिला न्हाई." सगळे हसले. चुलत्यानं तर ठसका लागेपर्यंत.

मग त्याची आई मला म्हणाली, "बस आमच्याबरुबर. आज ऐतवार, आज काय तुझा उपास नसंल."

मी म्हणाले, "आहे. रविवारपण धरलाय."

तो मी त्या क्षणी धरला होता. त्या बाईनं हात जोडले. आत्या कौतुकानं इकडंतिकडं बघत होती. आई चुलीपुढून उठून दारात आली.

"कवापासनं धरला?" आईनं विचारलं.

"झाले काही दिवस."

"कुणासाठी?"

मुलाची आई म्हणाली, "देवाधर्माचं इचारू न्हाई, इहीणबाई."

"अजून मी इहीण झाले न्हाई तुमची," आई म्हणाली. तिचा आवाज इतके दिवस न वापरलेला, खरखरीत होता. ती आत गेली, ताट घेऊन आली. मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी. ते तिनं माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि स्वतः समोर बसली. पाहुण्यांच्या देखत, पुरुषांच्या देखत, मांडी घालून.

"खा."

"वहिनी, काय चालवलंय हे?" आत्या म्हणाली. "उपास मोडाया लावता व्हय?"

आई तिच्याकडं वळलीच नाही. माझ्याकडं बघून बोलली. "तुझे नाना गेले त्या दिशी तू भाकर खाल्लीस. समद्या भावकीनं नाव ठेवलं. मी बघत व्हते कोपऱ्यातनं. मला वाटलं, चला, हिचं तोंड चालतंय. म्हंजी ही जगंल. मी बी मरायचं मनात धरलं व्हतं. तुला खाताना बघितलं आन उठले दुसऱ्या दिशी."

"मग तेव्हा का नाही बोललीस?" मी विचारलं.

"माझ्याच्यानं तोंड उघडत नव्हतं गं."

ओसरीवर कुणी जेवत नव्हतं. मी भाकरीचा तुकडा मोडला, मासवडी लावली, तोंडात घातली. इथं लिहायला बरं वाटलं असतं की मी ताट संपवलं. तसं झालं नाही. दुसरा घास घशात अडकला, मी उठून मोरीवर गेले आणि सगळं बाहेर पडलं. आई माझं कपाळ धरून उभी होती. पाठीमागून मुलाच्या आईचा आवाज आला, "पोरीला काय आजार हाय का?" आणि मामांचा, पहिल्यांदाच थट्टा नसलेला, "असंल. आमी इचारलंच न्हाई कधी."

स्थळ गेलं. जाताना चांगलं बोलून गेले, पण आठवडाभरात सगळ्या पट्ट्यात झालं की कळंबच्या त्या उपासवाल्या पोरीला काहीतरी रोग आहे. आत्या आईशी कितीतरी दिवस धड बोलली नाही. ज्या बाया पाया पडायच्या त्या लांबून जायला लागल्या. मंचरच्या डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि आईला विचारलं, "ही मुलगी काय खाते?" आईनं सांगितलं, "दोन वर्षं वार खात व्हती."

आई आण्याला परत गेली नाही. घराला कुलूप लावलं आणि कळंबला बटाटे काढायला मजुरीवर जायला लागली, आत्याच्याच नात्यातल्यांच्या रानात. त्याचा अपमान तिला वाटला असेल, बोलली नाही. सकाळी कामाला जायच्या आधी बाजरीच्या कण्या ताकात शिजवायची, दोन वाट्यांत ओतायची आणि माझ्यासमोर बसायची. पाठमोरी नाही, समोर. तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं की आई कशी खाते. चोरट्यासारखी, भराभर, कुणी हातातून काढून घेईल अशी. तिचे हातही माझ्याइतकेच वाळले होते. माझं कौतुक झालं, तिच्याकडं कुणाचं लक्षही गेलं नव्हतं, कारण विधवा बाई खाते की नाही हा प्रश्नच नसतो. ती एक घास घ्यायची आणि थांबायची, मी घेईपर्यंत. काही दिवस वाटी संपायची, काही दिवस मी पुन्हा मोरीवर जायची. रागावली नाही कधी. फक्त एकदा म्हणाली, "तुझं काय न्हाई राहिलं पोटात, तर मला बी ते पचत न्हाई."

हे सगळं बरं झालं असं मी सांगणार नाही. माझी हाडं लवकर झिजली, पायऱ्या उतरताना गुडघे सांगतात. पुढं लग्न झालं, पण मूल राहायला फार वर्षं लागली. आजही मयताच्या घरी गेले की माझं लक्ष कडू घासाकडं असतं, आणि जमलेल्या बायांच्या नजरेकडं. कुणी पोर दुसरी भाकरी उचलत असेल तर मी तिच्या आणि बायांच्या मधे जाऊन बसते. सरूकाकी म्हातारी होऊन गेली. तिला आपण काय बोललो होतो ते आठवतही नसेल.

परीक्षा दिली. अर्थशास्त्राचा एक पेपर राहिला, तो पुढच्या खेपेला सुटला. मी द्वितीय श्रेणीत बी.ए. झाले. आमच्या भावकीत मुलगा असो की मुलगी, पदवी घेतलेली मी पहिली. त्यानंतर बी.एड. केलं, जुन्नरला नोकरी लागली आणि शेवटपर्यंत आई माझ्याजवळ राहिली. लोक पदवीबद्दल विचारतात, ती मी मिळवली हे खरंच आहे. पण ती मिळेपर्यंत मी जिवंत राहिले, आणि आईला जिवंत ठेवलं. हेही मीच मिळवलेलं आहे.